स्फोटकांच्या कारखान्यातलं औषध

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल ही पिवळी पूड वापरली जाई. ती हाताळणाऱ्या कामगारांना दरदरून घाम फुटे, ताप चढे, वजन झपाट्याने उतरे. काही जण दगावलेही.

पुढे यातलं उतरणारं वजनच लोकांच्या डोळ्यांत भरलं. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील मॉरिस टेंटर, विंडसर कटिंग आणि सहकाऱ्यांनी याच रसायनाने लठ्ठ माणसांची चरबी घटते, असं दाखवलं. धोक्याचा इशाराही त्यांनी दिला होता. पण गोळ्या चिठ्ठीविना विकल्या जाऊ लागल्या. वर्षभरातच अमेरिकेत किमान एक लाख लोकांनी त्या घेतल्याचा टेंटर यांचा अंदाज होता.

पेशी अन्न जाळतात आणि त्यातली ऊर्जा कामासाठी राखून ठेवतात. डायनायट्रोफेनॉल ही राखणच मोडतं. इंधन जळत राहतं आणि ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते. चरबी झडते ती यामुळेच आणि जीव जातो तोही यामुळेच. मात्रा जरा वाढली की अंगातला दाह आवरत नाही. त्यावर उतारा आजही नाही.

१९३५ पासून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेगळेच रुग्ण येऊ लागले. या गोळ्या घेणाऱ्या ऐन तारुण्यातल्या बायका, आणि दोन्ही डोळ्यांत पाहता पाहता पिकलेला मोतीबिंदू! अमेरिकी सरकारचे हात मात्र बांधलेले होते. १९०६ च्या कायद्यानुसार रोगावरचा उपाय तेवढा औषध ठरे आणि लठ्ठपणा रोगांत मोडत नसे. ही पळवाट १९३८ च्या नव्या कायद्याने बुजवली.

वजन घटवणारी पुढची औषधं कायद्याच्या चौकटीतून आली, तरी घात टळला नाही. फेन-फेन या जोडगोळीने हृदयाच्या झडपा बिघडत असल्याचं १९९७ मध्ये उघड झालं. हृदयविकाराच्या धोक्यामुळे सिब्युट्रामीनवर भारतात २०११ मध्ये बंदी आली.

२०२५ मध्ये भारतात वजनासाठी आलेलं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन हजारो रुग्णांवर पारखलेलं आहे. तरीही मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ अनेकांना सोसावे लागतात. काहींना पित्ताशयात खडे होतात. एका चाचणीत इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. पहिली सुई टोचण्याआधीच रुग्णाला हे सांगायला हवं.

डायनायट्रोफेनॉल तर अजूनही चोरून विकलं जातं. त्याने तरुण मुलं दगावल्यावर ब्रिटनने ऑक्टोबर २०२३ पासून त्याला नियंत्रित विषांच्या यादीत घातलं.