तोतया बायको

सुझॅना क्लार्कच्या ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ (२००४) या कादंबरीत परीलोकातला एक पुरुष अराबेलाला पळवतो आणि तिच्या जागी लाकडापासून घडवलेली तोतया पाठवतो. वाचताना अंगावर मस्त काटा येतो.

आयर्लंडच्या खेड्यांत मात्र अशा गोष्टी खऱ्या मानल्या जायच्या. टिपररी परगण्यातली ब्रिजेट क्लिअरी शिवणकाम करायची, कोंबड्या पाळायची, स्वतः कमवायची. मार्च १८९५मध्ये ती आजारी पडली. नवरा मायकल म्हणू लागला, ही माझी बायको नव्हेच, पऱ्यांनी ठेवलेली तोतया आहे. नातेवाइकांच्या देखत त्यानं तिला जाळलं. न्यायालयानं खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरून २० वर्षांची शिक्षा दिली; १५ वर्षांनी तो सुटला.

कादंबरीत तोतया खरीच असते, म्हणून आपण परीलोकाला घाबरतो. ब्रिजेटच्या घरात तोतया नव्हतीच. घाबरायला हवं होतं ते घरच्यांना.