टोकन ते स्विच : बँकेतील मंजुरीचा इतिहास आणि कॉसमॉस प्रकरण

अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावी संगणक येण्यापूर्वी बँकेतून पैसे काढणे हा सावकाश चालणारा व्यवहार होता. खातेदार स्लिप देई व पितळी टोकन घेऊन बाकावर बसे. लिपिक खतावणीत शिल्लक पाही, अधिकारी नमुना सहीशी सही ताडून मंजुरी देई आणि मगच रोखपाल टोकनाचा क्रमांक पुकारी. या दिरंगाईस खातेदार कंटाळे, हे खरे. तथापि मंजुरी देणारा अधिकारी कोण, हे रोखपालास चेहऱ्याने ठाऊक असे.

एटीएमच्या जाळ्यात मंजुरीचे हे काम 'स्विच' या संगणकप्रणालीकडे आले. यंत्र विचारते, स्विच खात्याशी पडताळून होकार वा नकार कळवितो. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्याचे मर्म या होकारातच आहे. हल्लेखोरांनी मूळ स्विचला बगल देऊन तोतया स्विच उभा केला. बनावट कार्डांवरील मागण्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. तोतयाच होकार देत राहिला. ११ ऑगस्ट रोजी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी व भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेद्वारे आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नसल्याचे बँकेने जाहीर केले.

तिजोरी फोडल्याची उपमा येथे अपुरी पडते. पेशवाईच्या अभ्यासकास त्यापेक्षा १७७६ चे तोतयाचे बंड आठवावे : पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव त्याने आधी धारण केले, कोकणातील किल्ले मागाहून हाती आले.

अशा तोतयास हेरावयाचे ते जाळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने. परंतु डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीच्या 'ओरायन' या अशाच सॉफ्टवेअरमध्ये प्रवेश-नियंत्रणाची गंभीर उणीव उघड झाली. विनंतीच्या पत्त्यात काही ठरावीक शब्द घातले की ओळख न विचारताच आज्ञा स्वीकारली जाई. पहाऱ्याच्या चौकीलाच मागचे दार होते, आणि संपूर्ण जाळ्याची माहिती त्याच चौकीत साठविलेली असे.

कॉसमॉस प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ आरोपींना दोषी ठरविले. बनावट कार्डांनी रोकड काढणाऱ्या साखळीपर्यंत कायदा पोहोचला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्येच हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला होता.