टपाल ढगात गेलं, त्याची बखर

आमच्या कोल्हापुरात अमका 'ढगात गेला' असं कुणी म्हटलं, की पुढं फारसं विचारायचं नसतं. 'कधी?' एवढंच म्हणायचं आणि पायांत चपला सरकवून पंचगंगेच्या वाटेला लागायचं. त्यामुळं भाच्यानं मला पहिल्यांदा, "मामा, आता आपलं सगळं टपाल ढगात असतंय," असं सांगितलं, तेव्हा मी दोन मिनिटं शांत उभा राहिलो.

पुढं गेल्या पावसाळ्यात ते खरोखरच ढगात गेलं. कंपनीचं नाव सांगत नाही. तिची अब्रू जाईल म्हणून नव्हे, माझी वीस वर्षांची पत्रं अजून तिच्या ताब्यात आहेत म्हणून.

प्रसंग असा. दोन वर्षं घरात बसलेल्या भाच्याला पुण्यात नोकरी लागली. या दोन वर्षांत त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, अंबाबाईला इतकं काही कबूल केलं होतं, की पोराचा पहिल्या वर्षाचा पगार देवीकडंच वळता करावा लागला असता. नेमणुकीच्या पत्रावर सही करून ते पाच वाजेपर्यंत मेलनं परत पाठवायचं होतं. पाचनंतर आलेल्या उत्तराचा विचार होणार नाही, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. मग सकाळीच का नाही पाठवलं, असं विचाराल. अहो, ते आधी छापून देवीपुढं ठेवायला नको? देवळात रांग होती. चार वाजून दहा मिनिटांनी भाच्यानं बटण दाबलं आणि पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागलं. गुऱ्हाळाच्या चरकाला जुंपलेल्या बैलासारखं ते फिरत होतं. पण बैल फिरला की रस तरी निघतो.

मंगळवार पेठेत एखाद्याच्या घरी काही अडलं की दहा मिनिटांत माणसं जमतात. तशी जमली. प्रत्येकानं "सर, मी एकदा दाबून बघतो," म्हणून बटण दाबलं. मला मात्र इतिहास आठवू लागला. हतबल माणसाला दुसरं काय आठवणार?

टपालाचा खोळंबा ही काही आजची गोष्ट नाही. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठी फौजेचा घात झाला. उत्तरेकडं निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ती बातमी कळायला आठ-दहा दिवस गेले. कळली तीही एका सावकाराच्या पत्रातून, मोती गळाले आणि मोहरा हरवल्या अशा सांकेतिक भाषेत. आपण मात्र चाळीस मिनिटांत तोंड सोडतो.

पुढं इंग्रजानं टपाल शिस्तीला लावलं. 1854 साली अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचं पत्र देशात कुठंही जाऊ लागलं. अंतर कितीही असो, दर एकच. केवढी सोय! पण इंग्रज हुशार. 1885 च्या तार कायद्यात आणि 1898 च्या टपाल कायद्यात त्यानं कलमं घालून ठेवली, की निरोप पोचला नाही, पत्र हरवलं, उशीर झाला, तर सरकार जबाबदार नाही. इंग्रज गेला, कलम राहिलं. टपालाचा नवा कायदा 2023 साली झाला, 2024 च्या जूनमध्ये लागू झाला. त्यातही नियमांत सांगितलेली जबाबदारी सोडली तर बाकी हात वरच. मला या सातत्याचं कौतुक वाटतं. मेलच्या कंपन्यांनी नवीन काही केलेलं नाही. सरकारनं एका कलमात सांगितलं ते त्यांनी चाळीस पानांत सांगितलं, आणि खाली 'मला मान्य आहे' अशी चौकट ठेवली. आपण न वाचता मान्य केलं. मीही केलं.

तरी त्या टपालाला माणसाचा चेहरा होता. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड आला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं आखलेला. गृहस्थ टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत सगळा देश बसवणं हे एका वृत्तात महाकाव्य बसवण्यासारखंच की! आमच्या वाट्याला 416 नं सुरू होणारा आकडा आला. पण गल्लीत पत्र फिरायचं ते पोस्टमनच्या डोक्यातल्या नकाशावर. पत्त्यात नुसतं 'तालमीजवळ' असलं, तरी कोणती तालीम हे तो अक्षरावरून ओळखायचा. आणि पत्र आलं नाही तर त्याला कट्ट्यावर बसवून, चहा पाजून जाब विचारता यायचा. ढगाला चहा कसा पाजायचा?

15 ऑगस्ट 1995 ला आपल्याकडं इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं. पुढच्याच वर्षी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघांनी अमेरिकेत हॉटमेल काढलं आणि फुकट टपाल सुरू झालं. 1 एप्रिल 2004 ला गूगलनं एक गिगाबाइट जागा देऊन जीमेल आणलं, तेव्हा तारीख बघून पुष्कळांना थट्टाच वाटली. फुकटच्या वस्तूबद्दल तक्रार करू नये असं आमचे वडील सांगत. पण फुकटची वस्तू घेता घेता दुसरी वस्तूच उरली नाही, की काय करायचं ते त्यांनी सांगितलेलं नाही. तार तर 2013 च्या जुलैत बंदच झाली.

हे ढगसुद्धा बसतात बरं का. 14 डिसेंबर 2020, सोमवार, आपल्याकडची संध्याकाळचे सव्वापाच. जीमेल, यूट्यूब असं सगळं जगभर पाऊण तासाच्या वर बंद पडलं. कारण ऐकाल तर रेशन दुकानाची आठवण येईल. माणसांची ओळख पटवणाऱ्या खात्याला साठवणुकीचा ठरीव कोटा असतो. कोटा मोजायची नवी पद्धत आली, जुनीचा थोडा भाग तसाच राहिला, आणि तो सांगत राहिला, की या घरात खप शून्य. सवलतीची मुदत संपली तशी यंत्रानं शिधा कापला. मग काय, दारावरचा ओळख पटवणाराच उपाशी! तो कुणालाच आत सोडेना. त्याच दोन दिवसांत, दुसऱ्याच कारणानं, काही तास अनेकांची पत्रं 'असं खातंच अस्तित्वात नाही' असा शेरा मारून परत गेली. आमचा पोस्टमन फार तर 'घर बंद' लिहायचा. माणूसच नाही, असं लिहायची त्याची छाती नव्हती.

आणि 2011 च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं नाहीशी झाली, तेव्हा ती परत आणली कशावरून? टेपवरून! चुंबकीय फितीवरून! ढगाच्या पोटात शेवटी फितीच निघाल्या. हे वाचून मला फार धीर आला होता.

पण त्या दिवशी धीर टिकेना. साडेचार झाले. सेवेची खबर देणारं कंपनीचं एक पान असतं. तिथं सगळे दिवे हिरवेगार. खाली लिहिलं होतं, अडचण असल्यास आम्हाला मेल करा. तालमीतला एक पोरगा म्हणाला, "सर, ह्यांचं हापिस कुठं हाय तेवढं सांगा." मी वर बोट दाखवलं.

पावणेपाच झाले. भाचा बोलायचा थांबला होता आणि पडद्याकडं बघत नखं खात होता. दोन वर्षांत मी त्याला असं किती वेळा पाहिलं होतं! इतिहास वगैरे सगळं माझ्या डोक्यातून गेलं.

तेव्हा बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अरे, पत्राखाली फोन नंबर नाही का दिलेला?"

खोलीत अकरा माणसं होती. त्यांतले दोन इंजिनिअर. कुणाला सुचलं नव्हतं.

भाच्यानं फोन लावला. पलीकडून एक बाई बोलल्या. आवाजावरून त्याही सकाळपासून वैतागलेल्या असाव्यात. म्हणाल्या, "आमचंही तेच चाललंय. दुपारपासून एक मेल आलेली नाही. उद्या बारापर्यंत पाठवा, मी नाव लिहून ठेवते." आणि त्यांनी खरंच नाव विचारलं, आडनावातला 'ळ' नीट ऐकून घेतला. बहीण उंबऱ्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चहा टाकते सगळ्यांना."

रात्री साडेनऊला वर्तुळ थांबलं आणि मेल गेली. एक नव्हे, अकरा वेळा गेली. ज्यानं ज्यानं बटण दाबलं होतं, त्याची त्याची एकेक.

सकाळी त्या बाईंचं उत्तर आलं. 'मिळाली. एक पुरे होती.'