चमू कशाने टिकतो? सुपरहीरो कॉमिक्सच्या खपाचा एक इतिहास

कॉमिक्सकडे आपल्याकडे पोरखेळ म्हणूनच पाहण्याची रीत आहे. मुलाच्या हातात कॉमिक्स दिसले की ते काढून घ्यायचे आणि पाठ्यपुस्तक द्यायचे, ही आपल्या घराघरातील शिस्त. पण ज्या वाङ्मयाचे लाखो अंक खपतात आणि ज्यातून पुढे सबंध जगाने पाहिलेले चित्रपट निघतात, त्याला नुसता पोरखेळ म्हणून बाजूला सारता येत नाही. कोणत्या समाजाने काय विकत घेतले, याचाही एक इतिहास असतो. त्यातून त्या समाजाची भीती कळते, तशी आसही कळते.

आम्ही येथे या व्यवसायातला एकच प्रश्न घेतला आहे. अमेरिकेत अनेक सुपरहीरोंना एकत्र आणणारी कॉमिक्स पुष्कळ निघाली. काही दशकानुदशके चालली, तर काही दीड-दोन वर्षांत आटोपली. असे का झाले? लोकप्रिय नायक एका मुखपृष्ठावर आणले की अंक खपतो, हे सोपे उत्तर अर्धेच खरे आहे.

मुळात ही कल्पना आली ती मोठ्या नावांच्याच हिशेबातून. १९४०-४१ च्या हिवाळ्यात ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात ‘जस्टिस सोसायटी’ अवतरली. सुपरहीरोंचा हा पहिला चमू. वेगवेगळ्या मासिकांतले नायक एका टेबलाभोवती बसले, म्हणजे वाचकाला एका अंकाच्या किमतीत अनेक नायक मिळाले. महायुद्धानंतर सुपरहीरोंचे वेड ओसरले आणि १९५१ मध्ये त्या मासिकात गुराखी आणि बंदूकधारी आले. १९६० मध्ये डीसीने तोच नुस्खा ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ या नावाने पुन्हा वापरला. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन असे खंदे नायक त्यात होते. अंक खपले. ते पाहून प्रतिस्पर्धी प्रकाशकाने आपल्या संपादकाला, स्टॅन ली यांना, तसाच चमू काढायला सांगितले, असे म्हणतात. ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी १९६१ मध्ये ‘फँटास्टिक फोर’ काढले. त्या कंपनीचे नाव पुढे मार्व्हल म्हणून गाजले.

येथे पहिला फरक पडला. या चौघांपैकी तिघे नवीनच होते आणि चौथ्याचे फक्त नाव जुन्या नायकाचे होते. पण चौघे मिळून घर होते. नवराबायको होऊ घातलेली जोडी, तिचा धाकटा भाऊ आणि एक जिवलग मित्र. ते एकमेकांवर चिडत, रुसत, घर सोडून जात आणि परत येत. वाचक त्यांच्या पराक्रमापेक्षा त्यांच्या भांडणासाठी पुढचा अंक घेऊ लागला. खपाचे दुसरे सूत्र सापडले होते.

सप्टेंबर १९६३ ची तारीख असलेले दोन पहिले अंक मार्व्हलने काढले, ‘अ‍ॅव्हेंजर्स’ आणि ‘एक्स-मेन’. दोन्हींचे कर्ते तेच, ली आणि कर्बी. एकाच घरातल्या या दोन भावंडांचे नशीब मात्र वेगळे निघाले. ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये थोर, आयर्न मॅन, हल्क असे आधीच रुळलेले नायक होते. १९६५ मध्ये सोळाव्या अंकात यातली मोठी मंडळी बाहेर पडली आणि कॅप्टन अमेरिकाच्या हाताखाली तीन माजी गुन्हेगार आले. तरी मासिक चालले, कारण तोवर वाचक त्या घराला सरावला होता.

‘एक्स-मेन’ची कल्पना अधिक खोल होती. ही मंडळी जन्मतःच वेगळी, ‘म्युटंट’. ज्या जगाचे ते रक्षण करतात तेच जग त्यांचा द्वेष करते. १९६३ म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टन मोर्चाचे वर्ष. प्रोफेसर झेवियर आणि मॅग्नेटो यांची तुलना पुढे अनेकांनी किंग आणि माल्कम एक्स यांच्याशी केली. पण सुरुवातीचे अंक उघडून पाहिले तर काय दिसते? पाचही विद्यार्थी गोरे, अमेरिकन, खासगी शाळेतले. द्वेष सोसणाऱ्यांची गोष्ट होती, पण द्वेष सोसणारे खरे चेहरे तिच्यात नव्हते. खप रेंगाळला. मार्च १९७० च्या ६६ व्या अंकानंतर नव्या कथा बंद झाल्या, आणि ६७ ते ९३ या अंकांत जुन्याच कथा पुन्हा छापल्या गेल्या.

आता बाजाराची रचनाही समजून घेतली पाहिजे, नाहीतर सगळे श्रेय आणि दोष लेखकांच्याच माथी मारले जातील. त्या काळी मार्व्हलचे वितरण ज्या कंपनीकडे होते, ती डीसीच्याच मालकांची होती. त्यामुळे महिन्याला किती मासिके काढायची यावर मार्व्हलला १९६८ पर्यंत मर्यादा होती. शिवाय अंक वृत्तपत्रांच्या स्टॉलवर विकले जात आणि न खपलेल्या प्रतींचे पैसे परत द्यावे लागत. एखाद्या अंकाचा खरा खप कित्येक महिन्यांनी कळे. स्टॉलवरचे गिऱ्हाईकही येणारेजाणारे. या महिन्यात अंक मिळाला, पुढच्या महिन्यात मिळेलच असे नाही. अशा गिऱ्हाइकाला लांबलचक क्रमशः कथा नको असते. त्याला ओळखीचा चेहरा आणि एका अंकात संपणारी गोष्ट हवी असते. म्हणजे ही व्यवस्थाच मोठ्या नावांच्या बाजूची होती.

१९७३ च्या सुमारास फिल स्यूलिंग या न्यूयॉर्कच्या माणसाने प्रकाशकांशी वेगळा करार केला. अंक जास्त सवलतीत घ्यायचे, पण परत करायचे नाहीत. यातून खास कॉमिक्सची दुकाने उभी राहिली. तिथे येणारा वाचक नेमाने येई, एकही अंक चुकवत नसे, आणि मागचे अंक शोधून नेई. दहा वर्षे चालणाऱ्या कुटुंबकथेला हवा तसा वाचक आता मिळाला.

नेमक्या याच संधिकाळात, १९७५ मध्ये, लेखक लेन वाइन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी ‘जायंट-साइझ एक्स-मेन’मधून नवा चमू आणला. केनियातून स्टॉर्म, जर्मनीतून नाइटक्रॉलर, सोव्हिएत रशियातून कोलोसस, कॅनडाचा वुल्व्हरीन, अपाचे जमातीचा थंडरबर्ड. यातले बहुतेक वाचकाला अनोळखी. मोठ्या नावांच्या हिशेबाने हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. त्याच वर्षी मार्व्हलने ‘चॅम्पियन्स’ नावाचा दुसरा चमू काढला. त्यात एंजल, आइसमॅन, ब्लॅक विडो, हर्क्युलिस, घोस्ट रायडर असे ओळखीचे लोक होते. ‘चॅम्पियन्स’ सतरा अंकांत, १९७८ मध्ये आटोपले. त्याच वर्षी द्वैमासिक ‘एक्स-मेन’ मात्र मासिक झाले.

‘चॅम्पियन्स’मधले पाचजण एकत्र का राहतात, याचे उत्तर त्या कॉमिक्सकडे नव्हते. एक्स-मेनचे उत्तर साधे होते, त्यांना दुसरीकडे कोठेही जागा नव्हती. आमच्या मते या सगळ्या इतिहासाचा गाभा हाच आहे. नाटकमंडळी पुढच्या प्रयोगाच्या आशेने एकत्र राहते. बाहेरचे दार बंद झालेली माणसे वेगळ्याच जिव्हाळ्याने एकत्र राहतात.

तिसरी गोष्ट म्हणजे एकहाती लेखन. ख्रिस क्लेअरमाँट यांनी १९७५ मध्ये ही लेखणी हाती घेतली आणि १९९१ पर्यंत सोडली नाही. चित्रकार जॉन बर्न यांच्या साथीने त्यांनी १९८० मध्ये जीन ग्रेचा मृत्यू लिहिला. त्याच वर्षी किटी प्राइड ही तेरा वर्षांची ज्यू मुलगी त्या घरात आली. १९८१ मध्ये मॅग्नेटो हा नाझींच्या छळछावणीतून वाचलेला माणूस आहे, हे वाचकाला कळले. खलनायकाला भूतकाळ मिळाला, आणि त्याच्याशी असलेले भांडण न्याय कशात आहे याचे भांडण झाले. १९८८ मध्ये म्युटंटांना गुलाम करणाऱ्या ‘जेनोशा’ बेटाच्या रूपाने दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाची छाया त्यात पडली. नेमाच्या वाचकाला हे सारे एका मोठ्या कादंबरीसारखे लागले.

डीसीने हा धडा लवकर गिरवला. १९८० मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी ‘न्यू टीन टायटन्स’ काढले. दोनदा बंद पडलेले हे मासिक तरुण मुलांच्या घरात रूपांतरित होताच डीसीच्या सर्वाधिक खपाच्या मासिकांत गेले. उलट १९८४ मध्ये ‘जस्टिस लीग’मधून मोठे नायक काढून नवखी पोरे आणली, तेव्हा मात्र ते मासिक १९८७ मध्ये बंद करावे लागले. म्हणजे नवखे चेहरे आणले की खप वाढतो, असाही नियम नाही. ज्या चमूचे नावच मोठ्या माणसांच्या मैफलीसाठी आहे, तिथे वाचक मोठी माणसे शोधतो. १९९७ मध्ये ग्रँट मॉरिसन यांनी सुपरमॅन, बॅटमॅनसह सातही दिग्गज परत आणले आणि ‘जेएलए’ जोरात खपले. २००५ च्या ‘न्यू अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये स्पायडरमॅन आणि वुल्व्हरीन यांना घेताच तेही खपाच्या यादीत वर गेले.

खपाच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा, तेही पाहू. १९९१ मध्ये नव्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या. हा विक्रम अजूनही सांगितला जातो. पण तो अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी निघाला होता. पुढे भाव येईल म्हणून लोकांनी एकाच अंकाच्या अनेक प्रती घेऊन ठेवल्या आणि दुकानदारांनी ढीग मागवले. त्याच वर्षी क्लेअरमाँट बाहेर पडले. पुढच्याच वर्षी चित्रकार जिम ली आणि इतर नामवंतांनी स्वतःची ‘इमेज’ कंपनी काढली. १९९३ नंतर सट्ट्याचा फुगा फुटला, कित्येक दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल दिवाळखोरीत गेली. ज्या प्रती वाचण्यासाठी घेतल्याच नव्हत्या, त्यांना खप म्हणायचे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

या कहाणीचा आपल्याशी संबंध आहे. आपल्याकडे १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघत, मराठीतही निघत. त्यात वेताळ, मँड्रेक हे एकटे नायक होते. १९७६ मध्ये त्यात आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला. डाकूंशी लढणाऱ्या या नायकाने गावकऱ्यांचेच सुरक्षा दल उभारले होते. आपल्या मातीत एका मुस्लिम लेखकाने रुजवलेली ही चमूची कल्पना आपण फारशी आठवत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

२००६ मध्ये कुवेतचे मानसशास्त्रज्ञ नाइफ अल-मुतव्वा यांनी ‘द ९९’ काढले. अल्लाहच्या ९९ नावांतील गुणांवरून सुचलेले, देशोदेशींचे ९९ नायक. १२५८ मध्ये मंगोलांनी उद्ध्वस्त केलेल्या बगदादच्या ग्रंथालयातील ज्ञान ‘नूर’ रत्नांत उतरले आणि त्या रत्नांतून या नायकांना शक्ती मिळाली, ही कल्पना सुंदर होती. जस्टिस लीगसोबत त्यांचे संयुक्त अंकही निघाले. तरी २०१३ मध्ये ते थांबले. सौदी अरेबियातील उलेमांचा फतवा त्यानंतर, २०१४ मध्ये आला. म्हणजे सगळे खापर फतव्यावर फोडून चालणार नाही. आम्हाला वाटते, गुणांची यादी आधी ठरली आणि माणसे नंतर आली. नव्याण्णव जणांपैकी कोणाच्या घरची भाकर करपली, कोण कोणावर रुसले, हे वाचकाच्या मनात ठसले नाही.

याच्या शेजारी दोन मुली ठेवून पाहा. २००२ मध्ये एक्स-मेनमध्ये नकाब घातलेली अफगाण मुलगी सुराया कादिर, ‘डस्ट’, आली. ती बहुतेक काळ कडेलाच उभी राहिली. २०१४ मध्ये मार्व्हलच्या संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन यांच्या ‘मिस मार्व्हल’मधून कमला खान आली. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली. तिला अम्मी-अब्बा आहेत, भाऊ आहे, मशिदीतले शेख आहेत आणि रात्री उशिरा बाहेर जाण्यावरून होणारी कटकट आहे. पहिल्या अंकाची पुन्हा पुन्हा छपाई झाली आणि त्या कथेच्या पहिल्या खंडाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये ‘चॅम्पियन्स’ हे जुने नाव घेऊन नवा तरुण चमू निघाला, तेव्हा त्यात ती अग्रभागी होती. डस्ट ही चमूच्या चित्रातली एक जागा होती. कमलाला मात्र एक घर होते.

मोठी नावे वाचकाला दुकानापर्यंत आणतात, वितरणाची व्यवस्था अंक त्याच्या हातात देते, आणि एक लेखणी दीर्घकाळ टिकली की तो परत येतो. पण या तिन्हींच्या मुळाशी एक प्रश्न आहे. ही माणसे एकत्र का आहेत? ज्या कॉमिक्सला त्याचे खरे उत्तर देता आले, ते टिकले. आपल्या मुलांसाठी मराठीत कोणी असा चमू रेखाटू पाहत असेल, तर त्याने पोशाख आणि शक्ती नंतर ठरवाव्यात. आधी ती मंडळी एका दस्तरख्वानावर का बसतात, ते ठरवावे.