बेचाळीस मीटरवरील आवाज : काँग्रेस रेडिओचे यंत्र आणि आकाशक

१९४२ च्या आंदोलनाच्या इतिहासात मुंबईच्या गुप्त काँग्रेस रेडिओला मानाचे स्थान मिळालेले आहे. ८ ऑगस्ट रोजी गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला, ९ ऑगस्टच्या पहाटे पुढाऱ्यांची धरपकड झाली, वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या, आणि अशा वेळी उषा मेहता, विठ्ठलदास (बाबूभाई) खाकर, चंद्रकांत झवेरी प्रभृती तरुणांनी स्वतःचे ध्वनिक्षेपण केंद्र उभारले. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत हा आवाज देशात ऐकू येत होता. या हकिकतीची राजकीय बाजू अभ्यासकांना परिचित आहे. राममनोहर लोहिया यांचा त्यातील वाटा, वार्तापत्रांचा मजकूर, खटला आणि शिक्षा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने केंद्राच्या यंत्रसामग्रीकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः एखाद्या रेडिओ-हौशी माणसाच्या दृष्टीने या प्रकरणाकडे पाहिले, तर जुन्या पुराव्यातील काही गोष्टींचा अर्थ अधिक स्पष्ट होतो, आणि काही प्रचलित समजुती तपासून घ्याव्या लागतात. प्रस्तुत निबंधाचा हेतू तेवढाच आहे.

१

हिंदुस्थानात रेडिओचा आरंभ सरकारी खात्याने केलेला नाही. तो हौशी मंडळींनी केला. १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्त यांना हौशी प्रक्षेपणाचा परवाना मिळाला. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने ध्वनिक्षेपणाचे प्रयोग सुरू केले. त्यानंतर चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन झाले. ही कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने तिचा कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्या संस्थेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. म्हणजे संस्था मागाहून आली. तिच्या आधी व्हॉल्व्ह, वेटोळी आणि तारा जमवून घरच्या माळ्यावर यंत्र जुळवणारा माणूस होता.

या माणसाचा छंद कायद्याने बांधलेला होता. १९३३ च्या बिनतारी संदेशवहन कायद्यान्वये विनापरवाना यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरला. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी लोकांचे परवाने रद्द करण्यात आले व प्रक्षेपक सरकारजमा करण्याचा हुकूम सुटला. यंत्रे काढून घेता आली, तरी ती बनवण्याची विद्या काढून घेता येत नव्हती. काँग्रेस रेडिओचा प्रक्षेपक ज्यांनी जुळवला ते नरिमन प्रिंटर याच विद्येतले जाणकार होते. शिकागो रेडिओचे नानक मोटवाणी यांचेही साहाय्य झाले. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवणारी ही पेढी मुंबईत सुप्रसिद्ध होती.

२

केंद्राने आपली तरंगलांबी ४२·३४ मीटर असल्याचे जाहीर केले होते. स्थळाचा उल्लेख मात्र ‘हिंदुस्थानात कोठेतरी’ इतकाच असे. या आकड्याकडे बहुतेक लेखक ओळखीची एक खूण म्हणून पाहतात. हौशी माणसाला तो अधिक बोलका वाटेल. ४२·३४ मीटर म्हणजे सुमारे ७·०८ मेगाहर्ट्‌झ. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ७·० ते ७·३ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा हौशी प्रक्षेपकांसाठी राखून ठेवला होता. ‘चाळीस मीटरचा पट्टा’ या नावाने तो जगभरच्या हौशी मंडळींना ठाऊक आहे. गुप्त केंद्राने निवडलेली जागा या पट्ट्याच्या ऐन आत पडते. काही वृत्तांतांत ७·१२ मेगाहर्ट्‌झ असा आकडा आढळतो. तो धरला तरी निष्कर्ष बदलत नाही.

यावरून असे अनुमान करावयास हरकत नाही की, प्रक्षेपक जुळवणाराने आपल्या हाताला सवयीची असलेली कंपनसंख्याच वापरली. वेटोळ्यांचे वेढे किती, धारित्रे कोणत्या मापाची, तार किती लांब, या गोष्टी त्या पट्ट्यासाठी हौशी लोकांना तोंडपाठ असत. शिवाय ती श्रोत्यांच्याही सोयीची होती. लघुतरंग घेणाऱ्या तत्कालीन ग्राहीवर ४१ मीटरचा पट्टा असे, व त्याच्या किंचित पलीकडे काटा सरकवला की हे केंद्र सापडे.

वेळेच्या निवडीचाही येथेच उलगडा होतो. प्रारंभी दिवसातून दोनदा होणारे प्रक्षेपण पुढे सायंकाळी एकदाच होऊ लागले. त्याला सुरक्षिततेचे कारण होतेच. पण निसर्गाचाही त्याला पाठिंबा होता. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर या तरंगांची बरीच शक्ती शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि वरच्या थरावरून परावर्तित झालेले तरंग शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर दूर उतरतात. दिवसा जो प्रक्षेपक एखाददुसऱ्या प्रांतापुरता असतो, तोच दिवेलागणीनंतर देशव्यापी होतो. चिमूर व आष्टी येथील अत्याचारांच्या वार्ता या केंद्राने सांगितल्या, चितगाववरील बॉम्बहल्ल्याची बातमी दिली. त्या वार्ता दूरवर ऐकू जाण्यास धैर्याइतकाच हा सायंकालीन गुणही कारण झाला.

३

आता आकाशकाकडे वळू. या तारेला आपल्याकडे बोलीत ‘एरियल’ म्हणत, परिभाषेत ‘आकाशक’ म्हणतात, आणि अलीकडे ‘अँटेना’ हाच शब्द सर्वत्र रूढ झाला आहे. ‘अँटेना’ हा लॅटिन शब्द मुळात जहाजाच्या शिडाच्या आडव्या काठीचा वाचक होय. मार्कोनीच्या प्रयोगांतील उंच खांबावरून तो तारेला चिकटला. म्हणजे एका नावात आधाराची काठी आहे, तर दुसऱ्यात वरचे आकाश. तारेचा स्वतःचा उल्लेख दोहोंतही नाही. गुप्त केंद्राच्या दृष्टीने हे योग्यच म्हटले पाहिजे, कारण तार लोकांच्या नजरेत न भरणे हीच तेथली पहिली गरज होती.

४२·३४ मीटरांच्या तरंगासाठी अर्धतरंग आकाशकाची लांबी गणिताने सुमारे २१ मीटर येते. प्रत्यक्षात ती पाचेक टक्क्यांनी कमी, म्हणजे २० मीटर किंवा ६६ फुटांच्या आसपास ठेवावी लागते. गिरगावातील एखाद्या चाळीच्या अथवा चौपाटीवरील इमारतीच्या गच्चीवर एवढी तार सहज मावते. कपडे वाळवण्याच्या दोऱ्यांमध्ये ती ओळखू येणे कठीण. जुन्या घोषणायंत्रांसारखा उंच मनोरा येथे नको होता. शिवाय या तरंगलांबीला गच्चीवरील तार ‘बुटकी’ ठरते, आणि बुटकी तार आपली बरीच शक्ती सरळ वर फेकते. हा दोष वाटला तरी प्रत्यक्षात तो गुण होतो, कारण वर गेलेले तरंग परतून जवळच्या प्रदेशावर पसरण्याचा संभव असतो. यंत्राचा बोजा असतो तो रोहित्रांत आणि व्हॉल्व्हांत. तार मात्र मागे टाकून जाता येते आणि नव्या जागी दुसरी बांधता येते.

४

केंद्राच्या जागा वरचेवर बदलत गेल्या. चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, गिरगावातील पारेखवाडी आणि अखेर महालक्ष्मी येथील पॅराडाइज बंगला ही नावे वृत्तांतांतून येतात. हा सगळा टापू काही थोड्या किलोमीटरांचा आहे. मग एवढ्या अल्प अंतरावर हलून काय साधले, असा प्रश्न वाचकाला पडतो. त्याचे उत्तर दिशाशोधनाच्या पद्धतीत आहे.

वलयाकृती एरियल फिरवीत गेले असता एका विशिष्ट स्थितीत आवाज क्षीण होतो; त्यावरून प्रक्षेपकाची दिशा कळते. दोन ठिकाणांहून घेतलेल्या दिशांच्या रेषा जेथे छेदतात तेथे केंद्र असावयाचे. परंतु दूरवरून, विशेषतः सूर्यास्तानंतर, तरंग आयनांबरावरून येतात आणि त्या क्षीणतेची खूण पुसट होते. म्हणून दूरच्या ठाण्याला ‘मुंबई’ एवढेच सांगता येईल. घर शोधावयाचे तर यंत्र गाडीत घालून शहरातच फिरावे लागते. त्यातही गाडीला वेळ लागतो. प्रक्षेपण अल्पकालीन असेल, आणि पुढच्या वेळी केंद्र दुसऱ्या गल्लीत गेले असेल, तर आदल्या दिवशी टिपलेल्या रेषा व्यर्थ जातात. दिशाशोधक गाडी आपल्या मागावर असल्याचे उषा मेहता यांनी पुढे सांगितले आहे. ध्वनिमुद्रणाची जागा आणि प्रक्षेपणाची जागा निरनिराळ्या ठेवण्याची योजनाही याच विचारातून आली असली पाहिजे, कारण मुद्रणाच्या जागेतून तरंग बाहेर पडत नाही, म्हणून ती कोणत्याही वलयाला सापडत नाही.

५

प्रक्षेपकाच्या शक्तीविषयी लोकप्रिय लेखनात किलोवॅटांचे मोठमोठे आकडे आढळतात. ते जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. दहा किलोवॅट शक्ती एरियलमध्ये घालावयाची तर, व्हॉल्व्हांची कार्यक्षमता व आवाजाचे आरोपण यांचा हिशेब करता, विजेच्या तारांतून वीस किलोवॅटांहून अधिक शक्ती घ्यावी लागेल. २३० व्होल्टांच्या घरगुती जोडणीत हा प्रवाह शंभर अँपिअरच्या घरात जातो. भाड्याच्या जागेत तो मिळणे नाही, आणि मिळाला तरी वीज कंपनीच्या नजरेतून सुटणे नाही. शिवाय असले यंत्र वारंवार हलवता येत नाही. ज्या केंद्राने अडीच महिन्यांत इतक्या जागा बदलल्या, त्याची शक्ती हौशी प्रक्षेपकाच्या प्रमाणातच असली पाहिजे. हे मान्य केल्याने त्या तरुणांच्या कार्याला उणेपणा येत नाही. उलट थोड्या शक्तीने, योग्य तरंग व योग्य वेळ निवडून, त्यांनी सरकारी केंद्रांच्या बरोबरीने आपला आवाज उभा केला, हे अधिक उठून दिसते.

६

अखेर हे केंद्र पडले ते कशाने? १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पॅराडाइज बंगल्यावर पोलिसांनी धाड घातली आणि उषा मेहता व चंद्रकांत झवेरी यांना प्रक्षेपण चालू असतानाच पकडले. ‘वंदे मातरम्’ची तबकडी थांबवण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. आपल्या तंत्रज्ञानेच जागा दाखवली, असे उषा मेहता यांनी पुढील काळात स्पष्ट सांगितले आहे. पुढे विशेष न्यायालयात खटला चालला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची, उषा मेहता यांना चार वर्षांची व चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी व नानक मोटवाणी निर्दोष सुटले.

या शेवटाचा तांत्रिक अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. वलयाकृती एरियलला जे निर्णायकपणे जमले नाही ते एका माणसाच्या जबानीने जमले. वार्ता लिहिणारे अनेक होते, बोलणारे अनेक होते, जागा अनेक होत्या. परंतु यंत्र जुळवण्याची विद्या एका-दोघांच्याच हाती होती. १९३९ च्या हुकुमाने यंत्रे जप्त करून जे साधावयाचे होते, ते काही प्रमाणात येथे साधले: छंद गुप्त झाला, त्याचे शिकणे-शिकवणे थांबले, आणि ज्याला तो येत होता त्याच्यावर सारा भार पडला. अशा माणसाच्या दुबळेपणाचा निवाडा करणे सोपे आहे. त्या दुबळेपणावर संपूर्ण केंद्र का अवलंबून राहिले, हे समजून घेणे इतिहासाचे काम आहे.

उषा मेहता १९४६ मध्ये सुटल्या, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २००० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणी हा या विषयाचा पहिला आधार होय. मात्र आठवण, न्यायालयाचे दप्तर आणि पोलिसांचे अहवाल यांच्या जोडीला तरंगाचे नियम हाही एक साक्षीदार आहे, हे अभ्यासकाने विसरू नये. तो कोणाची बाजू घेत नाही, त्याला काळाने विस्मरण होत नाही, आणि साठ-सत्तर फुटांच्या तारेविषयी तो आजही तेच सांगतो जे त्याने १९४२ मध्ये सांगितले असते.