उरलेलं काम

माझी पणजी १८९९-१९००च्या दुष्काळात पोरकी झाली. आईबाप कोण, गाव कोणतं, हे तिला कधीच सांगता आलं नाही. मिशनच्या अनाथाश्रमात ती वाढली आणि मोठी झाल्यावर राहुरीच्या आसपासच्या खेड्यांत जाऊन बायांना येशूच्या गोष्टी सांगायचं काम तिच्याकडे आलं. तिला जेमतेम अक्षरं लावता येत. आजी सांगायची, पणजी रडत पाळकसाहेबांकडे गेली. ‘साहेब, मला धड वाचता येत न्हाई. बाया हसतील.’ साहेब म्हणाले, ‘मोशे जड जिभेचा होता. देवानं त्याला सोडलं का? तू जा.’ पणजी गेली. पुस्तक उघडायची वेळ येऊ नये म्हणून तिनं रेव्हरंड टिळकांची भजनं पाठ केली आणि जात्यावर बसलेल्या बायांच्या शेजारी बसून ती म्हणू लागली.

आमच्या घरात लक्ष्मीबाई टिळकांचं नाव घरच्या माणसासारखं घेतलं जाई. ‘त्यांचा बाप्तिस्मा आपल्या राहुरीतलाच, १९०० सालचा,’ हे आजी दर नाताळात एकदा तरी सांगायचीच. लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या, अकराव्या वर्षी त्यांचं टिळकांशी लग्न झालं. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. टिळक ख्रिस्ती झाले १८९५ साली, तेव्हा त्यांच्याबरोबर जायला बाईंचं मन तयार नव्हतं. सोवळ्याओवळ्याच्या घरातली ती मुलगी. पुढची काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, पंढरपुरातही राहिल्या, आणि मग स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या पायानं आल्या. त्या घाईनं आल्या नाहीत, हे आजीला फार आवडायचं.

पण मला सांगायचंय ते १९१९ नंतरचं. त्या वर्षी मे महिन्यात टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं ओवीबद्ध महाकाव्य सुरू होऊन थोडेच अध्याय झाले होते. टिळक म्हणजे ‘फुलांमुलांचे कवी’, व्युत्पन्न माणूस. त्यांचा ग्रंथ पुरा कोण करणार? एखाद्या पंडिताकडे गेला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. तो पुरा केला लक्ष्मीबाईंनी. एकदोन नव्हे, चौसष्ट अध्याय त्यांनी त्यात घातले. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर झाली, तिनं. त्यांच्याजवळ संस्कृत नव्हतं, पण लहानपणापासून कानावर पडलेली ओवी होती. नवं काही कमावून मग कामाला लागू, असं म्हणत त्या थांबल्या नाहीत. जे होतं ते घेऊन बसल्या.

शेजारचे तात्या वारकरी. ताहाराबाद आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे महिपतींची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चढायचा. महिपती तिथले कुलकर्णी. एकदा पूजेला बसले असताना जहागीरदाराचा शिपाई दारात आला आणि त्यानं आत्ताच्या आत्ता चला म्हणून दटावलं. पूजा टाकून जावं लागलं. काम उरकून ते परत आले आणि त्यांनी शपथ घेतली, ही लेखणी आता संतांची चरित्रंच लिहील, सरकारी दफ्तर नाही. पुढे तुकोबांनी स्वप्नात येऊन तशीच आज्ञा केली. महिपतींचा जन्म १७१५चा, म्हणजे तुकोबा जाऊन तेव्हा पासष्ट वर्षं झालेली. महिपती पुन्हा पुन्हा लिहितात की मी मंदमती आहे, लिहवून घेणारा पांडुरंग आहे. आपण कोणाच्या आधारानं लिहितो तेही ते मोकळेपणी सांगतात: नाभाजींचं नाव घेतात, उद्धवचिद्घनांचं घेतात. मला ही नुसती रीत वाटत नाही. १७६२ साली ‘भक्तविजय’चे सत्तावन्न अध्याय पुरे करणारा माणूस ते मनापासूनच म्हणत असणार.

तात्या म्हणायचे, ‘अगं, तुकोबांना तरी कोणी बोलावलं? नामदेवांनीच ना!’ शतकोटी अभंगांचा नामदेवांचा संकल्प अपुरा राहिला होता, आणि ते पांडुरंगाला घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले, उरलेलं तू पुरं कर म्हणाले. दुष्काळानं मोडलेला, दुकान बुडालेला देहूचा कुणबी वाणी तो.

हे ऐकताना मला टिळक आठवतात. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते बोलत. तात्यांच्या आणि आजीच्या गोष्टी मला कधी दोन वाटल्याच नाहीत. दोन्हीकडे देवाचं बोलावणं कुणाच्या तरी अर्ध्यावर राहिलेल्या कामातून येतं, आणि ज्याच्याकडे येतं तो आधीच्यापेक्षा स्वतःला उणाच समजत असतो. ते उणेपण देव आधी भरून काढत नाही. लक्ष्मीबाई पंडिता झाल्या नाहीत, पणजीला शेवटपर्यंत अडखळतच वाचता यायचं.

‘ख्रिस्तायन’ छापून आलं १९३८ साली, लक्ष्मीबाई गेल्या त्यानंतर दोन वर्षांनी. महिपतींचा ‘संतविजय’ही त्यांच्या हातून अपुराच राहिला.

आमच्या मंडळीतल्या एका जुन्या गुरुजींनी मंडळीचा इतिहास लिहायला घेतला होता. ते वारले, आणि त्यांच्या घरच्यांनी ती वही माझ्याकडे दिली. मी इतिहास शिकलेले नाही. कागदपत्रं तारखांनी लावायची कशी, तेही मला येत नाही. बरेच दिवस ती वही मी कपाटात ठेवली, योग्य माणूस मिळेल म्हणून. मग आजीचं वय आणि तिच्या बरोबरीच्या बायांचं वय डोळ्यांपुढे आलं. आता मी लिहिते आहे. मला येतं ते एवढंच, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून ऐकणं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर देवळाली प्रवरातल्या एका आजींकडे जायचं ठरलंय. त्यांची आई आणि माझी पणजी एकाच गाडीतून गावोगाव जात, आणि कोणत्या गावात कोणतं भजन म्हणायचं हे ती आई ठरवायची, असं त्या म्हणतात.