बसरूरची स्वारी (इ.स. १६६५) : शिवकालीन आरमाराचे सामूहिक प्रस्थान

बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना शिवकालीन आरमार शिकविताना एक अडचण नेहमी जाणवते. सिंदखेड राजा त्यांच्या परिचयाचे असते, समुद्र मात्र अनेकांनी पाहिलेला नसतो. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचा दौहित्र स्वतः गलबतावर चढून कर्नाटकच्या किनाऱ्याकडे गेला, हे सांगितल्यावर वर्गात कुतूहल निर्माण होते. पण पाठ्यपुस्तकांत ही घटना एखाद्या ओळीत उरकलेली दिसते. प्रस्तुत लेखात या स्वारीचा लुटीपेक्षा नौकानयनाच्या दृष्टीने विचार केला आहे.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळ सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ८ फेब्रुवारी १६६५ रोजी, शिवाजी महाराजांनी मालवणहून प्रस्थान केले. कारवारच्या इंग्रज वखारीच्या पत्रव्यवहारानुसार ताफ्यात ८५ लहान लढाऊ नौका व तीन मोठी जहाजे होती. गंतव्य होते बेदनूरच्या नायकांच्या अमलाखालील संपन्न बंदर बसरूर. वाटेत गोवा लागत होते. परवान्यावाचून जहाजे चालू नयेत असा दंडक घालणाऱ्या पोर्तुगीजांच्या दारावरून ८८ नौका एकत्र नेणे, ही केवळ वाहतूक नव्हती. एकेकटी नौका सहज अडविली गेली असती, ताफा अडविणे सोपे नव्हते.

बसरूर अनपेक्षितपणे गाठून लुटण्यात आले. परतताना महाराजांनी गोकर्णास महाशिवरात्रीचे स्नान केले. अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे ते यापुढील निर्णयाकडे. बहुतेक आरमार स्वदेशी रवाना करून त्यांनी केवळ १२ नौका जवळ ठेवल्या आणि चार हजार पायदळासह ते अंकोल्यास गेले. या १२ नौका कशासाठी? किनाऱ्याला आडव्या येणाऱ्या नद्या व खाड्या सैन्याला ओलांडता याव्यात म्हणून. या काळात या किनाऱ्यावर वायव्येचे वारे प्राबल्याने वाहतात. दक्षिणेस जाणाऱ्या शिडाच्या नौकेला ते साहाय्य करतात, उत्तरेस येणारीला विरोध करतात. परतीचा मार्ग जमिनीवरून निवडण्यामागे वाऱ्याचाही विचार असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अर्थात हे अनुमान आहे. वाटेतील बंदरांकडून खंडणी मिळविणे हा हेतू तर उघडच होता.

फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात महाराज कारवारजवळ आले, तेव्हा विजापूरचा सरदार शेरखान तेथे योगायोगाने पोहोचलेला होता. नगर वाचले; व्यापाऱ्यांनी मिळून खंडणी दिली, त्यात इंग्रजांचा वाटा ११२ पौंडांचा होता. शेरखानाने आपल्या होळीच्या शिकारीत विघ्न आणले, अशी नाराजी महाराजांनी व्यक्त केल्याची नोंद आहे. एरवी रूक्ष असणाऱ्या व्यापारी पत्रांत असा तपशील सापडणे विरळाच.

तिकडे ३ मार्चला मिर्झाराजे जयसिंग पुण्यात दाखल झाले, महिनाअखेरीस पुरंदरला वेढा पडला व जूनमध्ये तह होऊन २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. एवढे मोठे मोगली सैन्य दख्खनवर चालून येत असताना राजाने राजधानीपासून दूर समुद्रावर असणे हे धाडस होते की चुकलेला अंदाज, याबाबत मतभेद संभवतात. यानंतर महाराजांनी स्वतः एवढ्या मोठ्या आरमारासह समुद्रपर्यटन केल्याचा उल्लेख मिळत नाही. आरमार मात्र वाढतच राहिले.